आमचीच आहे

शीळ सुरू झाली तेव्हा मी बटाटेवड्यांच्या काळजीत होते. पहाटपाऊल मंडळाच्या स्नेहमेळाव्यात खाण्याची व्यवस्था दरवर्षी माझ्याकडे असते, कारण मंडळ ह्यांचं आणि मी ह्यांची. हे म्हणजे माझे यजमान, यज्ञेश्वर, रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. मंडळात सगळे सर म्हणतात. नवऱ्याचं नाव एवढं एकदा लिहिलं तरी मान अवघडल्यासारखी झाली, तेव्हा पुढे 'हे'च म्हणते. तर सभागृहातले दिवे मालवले होते, पडद्यावर धुक्यातल्या झाडांचा फोटो होता, आणि ह्यांनी माईकसमोर उभं राहून सांगितलं की आता आपण शीळकरी कस्तूर हा पक्षी ऐकणार आहोत, सप्टेंबरात महाबळेश्वरला मिळालेला, कृपया कुणी खोकू नये. पुण्यात सभेला आलेला माणूस खोकला की तो वक्त्याच्या विरोधात आहे असं धरतात, त्यामुळे कुणी खोकलं नाही. मग ती शीळ आली. गाणं येत नसलेल्या पण गळा असलेल्या माणसाने न्हाणीघरात मारावी तशी, अर्धी चाल विसरत, पुन्हा आठवत. शिळेमागे पानांवरून ठिबकणारं पाणी होतं. आणि पाण्याच्याही मागे, पुष्कळ लांब, एक बाई "अहो" म्हणाली. ती कोण हे डोक्याला कळायच्या आत माझं डावं मनगट दुखलं. शीळ थांबली. बाई पुन्हा म्हणाली, "अहो," या वेळी 'हो' जरा लांबवून. परत शीळ. मग तिसरी हाक आली आणि तिच्यात हाक कमी, प्रश्न जास्त होता. आणि मग माईकच्या अगदी जवळून कुणीतरी कुजबुजलं, "सर, कुणीतरी हाक मारतंय." तो श्रीधर, ह्यांचं रेकॉर्डिंगचं यंत्र सांभाळणारा. त्याला ह्यांनी तेवढ्याच हळू आवाजात उत्तर दिलं, "आमचीच आहे. थांबेल."

सभागृह हसलं. फार नाही, खसखस पिकावी एवढंच. मागच्या रांगेतून कुणीतरी घरोघरी मातीच्या चुली असं म्हणालं आणि त्यावर पुन्हा थोडं हसू झालं. बायकाही हसल्या, त्या तर जास्तच, कारण प्रत्येकीला वाटलं ही दुसरीची गोष्ट आहे. मीसुद्धा हसले. हे मला नंतर फार लागलं, की माझे ओठ सवयीने हसले. ह्यांनी पडद्याकडे बघत हात वर केला, शांतता, आणि पक्षी पुढे गात राहिला. त्यानंतर रेकॉर्डिंगमध्ये बाई नव्हती. थांबली होती, ह्यांनी सांगितल्याप्रमाणे. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून मंडळातले श्रीनिवास उठले, गुडघ्यांची क्षमा मागत रांगेतून बाहेर पडले आणि दाराशी उजेडाची एक पट्टी उघडून निघून गेले. ते का गेले हे त्या सभागृहात मला एकटीला माहीत होतं.

मी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात केली. ट्रंक कॉलच्या जमान्यात बोर्डावर बसले, नंतर यंत्रं बदलली तसं टेबल बदललं, पण कान तेच. कानावर हेडफोन लावून मी इतक्या लोकांचे हॅलो ऐकले आहेत की पहिल्या हॅलोवरून मला कळायचं, या माणसाला बोलायचं आहे की फोन ठेवायची घाई आहे. बोर्डावर दिवा लागला की ओ द्यायची, ही आमची शिस्त. वेड्यांचे फोन असत, रडणाऱ्यांचे असत, चावट मुलांचे असत. शिव्या देणाऱ्याला सुद्धा आधी ओ दिली आणि मग फोन तोडला. दिवसभर परक्या पुरुषांची नावं अगदी स्पष्ट उच्चारत होते, अमुक साहेब लाइनवर आहेत का, तमुक साहेब बोला. एकाच पुरुषाचं नाव कधी तोंडातून आलं नाही, म्हणजे लग्नातला उखाणा आणि हळदीकुंकवाला आग्रह झाला तर, तेवढंच. हे कधी ऑफिसात फोन करत तेव्हा मी "अहो" म्हणायचे आणि शेजारच्या मुली खुदकन हसायच्या. बायको म्हणून एवढा एक शब्द मला मिळाला. नाव नाही, नातं नाही, नुसता एक आवाज. तो कधी उपयोगाला येईल की नाही, याची परीक्षा मी त्या सप्टेंबरपर्यंत घेतली नव्हती.

महाबळेश्वरला मंडळ दरवर्षी जातं. बस वेण्णा तलावाशी थांबली की माझा जीव थोडा खुलतो, कारण तिथे माणसं असतात. घोडे, भाजलेली कणसं, लाल रंगाच्या होड्या, काठावर फुगे फोडायची बंदूक. एक मूल रडत असतं आणि एक आई त्याला मारत असते. हे मात्र सगळ्यांना खाली माना घालून तिथून पुढे नेतात, पुण्यातल्या सोवळ्या बाईने मटणाच्या दुकानावरून जावं तसे. तलाव पर्यटकांसाठी, आपण अभ्यासक. लग्नानंतर आम्ही तिथेच गेलो होतो, तेव्हा मी होडीत बसू या म्हटलं तर हे म्हणाले होते, त्यात बघायचं काय, पाणीच आहे. तेव्हा मला ते वाक्य फार हुशारीचं वाटलं. माहेरच्यांना मी ते कौतुकाने सांगितलंही. आता त्या होड्या दिसल्या की मला आधी ते वाक्य आठवतं आणि मग पाणी दिसतं, मधे एवढी वर्षं.

तलाव मागे टाकून जंगलातली वाट सुरू झाली की मौन. तो ह्यांचा नियम. कुणी बोललं तर हे वळत नाहीत, नुसते थांबतात, आणि बोलणारा सगळ्यांच्या मधोमध उघडा पडतो. मग एका झाडाखाली हे हात वर करतात, शेकरू. सगळे माना वर करून बघतात आणि माना हलवतात. मला शेकरू आजवर एकदाही दिसलेलं नाही. सुरुवातीला मी खरं सांगायचे, तर ह्यांनी माझी हनुवटी धरून मान वळवली होती, चारचौघांत, आणि तरी मला पानंच दिसली. तेव्हापासून मीही मान हलवते. माझी खात्री आहे की अर्ध्या मंडळाने ते जनावर पाहिलेलं नाही, पण कबूल कोण करणार. त्या दिवशी सकाळी हे ओल्या मातीत वाकून गव्याची पावलं दाखवत होते, ताजी आहेत म्हणत होते, आणि सगळ्यांचे चेहरे असे झाले होते की जणू गवा आपल्याला भेटायला येणार असल्याचं कळवून गेला आहे. नंतर धुकं उतरलं. धुकं सुंदर असतं असं म्हणतात. मला ते कधीच आवडलं नाही. आपण असलो काय आणि नसलो काय, असं ते वागतं.

मी मागे राहिले कारण चपलेचा, म्हणजे त्या बुटाचा, बंद सुटला. ह्यांनी घेऊन दिलेले बूट, एक नंबर मोठे, कारण डोंगरात पाय सुजतात. वाकले, बंद बांधला, उठले, तर पुढे पाठी नव्हत्या. वाट होती तशीच होती. दोन पावलं घाईने टाकली आणि तिसरं शेवाळावर पडलं. पावसाचं पाणी जायला वाटेकडेला दगडी चर होता, त्यात गेले. पडताना डावा हात पुढे केला आणि हाताने जो आवाज केला तो मी आधी ऐकला, दुखणं नंतर आलं. चरात पाणी होतं, थंड, कमरेला लागत होतं. बूट दगडांत अडकला होता. फार काही भयंकर झालं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. माणसं बोलण्याच्या अंतरावर होती. एक हाक आणि कुणीतरी हात देईल. म्हणून मी अगदी बेताने, मौनाचा नियम मोडल्याची थोडी लाज वाटून, "अहो" म्हटलं.

लांब कुठेतरी तो पक्षी शीळ घालत होता. मला वाटलं शीळ संपली की येतील. म्हणजे त्या क्षणीसुद्धा मी पक्ष्याला आधी जाऊ दिलं. दुसरी हाक मारली तेव्हा वरच्या झुडपांत काहीतरी हललं. मोठं. फांदी मोडल्याचा आवाज, मग श्वास. नाकाने सोडलेला, ओला, सावकाश श्वास. तो गवा होता की माझ्या घाबरलेल्या कानांनी रचलेला काही, हे मला आजही सांगता येणार नाही. मंडळ एवढ्या वर्षांत ज्याच्या दर्शनासाठी पायपीट करतं आहे ते बहुधा माझ्यापासून घरातल्या एका खोलीएवढ्या अंतरावर उभं होतं आणि मी डोळे मिटून घेतले. तिसरी हाक मारली ती श्वासाला ऐकू जाऊ नये आणि ह्यांना जावी, अशी. मग वाटलं, नावाने हाक मारावी. यज्ञेश्वर. माणूस मरायला टेकला तर नाव घेतलेलं चालत असेल. तोंड उघडलं, 'य' म्हटलं, आणि पुढचं आलंच नाही. जीभ जागची हलेना. चरात अर्धी बुडालेली, हात मोडलेला, वर जनावर, आणि मला लाज वाटत होती. त्या लाजेचा मला जितका संताप येतो तितका ह्यांचाही येत नाही.

तेवढ्यात माणसाच्या पळण्याचा आवाज आला. जंगलात साठीचा माणूस असा पळत नाही. फांद्या तोडत, घसरत, कशाची पर्वा न करता कुणीतरी उतारावरून येत होतं, आणि मी मनात म्हटलं, आले. धुक्यातून श्रीनिवास बाहेर आले. ते मंडळातले जुने, अबोल, ड्रॉइंगचे शिक्षक होते. त्यांची बायको हेमा आदल्या वर्षी गेली. तीही मंडळात होती, खूप बोलायची, ह्यांना ती आवडत नसे. श्रीनिवास चराच्या काठाशी येऊन थांबले आणि त्यांनी मला पाहिलं. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मला पाहून इतकी निराशा आजवर कुणाला झाली नसेल, आणि माझ्या हाकेला इतक्या घाईने आजवर कुणी आलं नसेल. ते धापा टाकत म्हणाले, "मला वाटलं," आणि तिथेच थांबले. मग खाली उतरून त्यांनी माझा बूट सोडवला, मफलर काढून हात बांधला, आणि चढताना एवढंच बोलले की तीसुद्धा 'हो' असाच उचलायची. मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी राग आला, की माझ्यासाठी म्हणून तर श्रीनिवासही आले नव्हते. नंतर पुष्कळदा मी हा हिशेब घालून पाहिला आहे. मी नावाने हाक मारली असती तर श्रीनिवास आले नसते. आणि ज्यांचं नाव, ते येणारच नव्हते.

हे भेटले ते मुक्कामाच्या ठिकाणी. माझ्या गळ्यात मफलरची झोळी, साडीला चिखल, आणि हे पायऱ्या चढून येताना लांबूनच म्हणाले, मिळाला. मला क्षणभर वाटलं मलाच काहीतरी मिळाल्याबद्दल विचारताहेत. मग त्यांना माझा हात दिसला, मग डॉक्टर, प्लॅस्टर, सगळं रीतसर झालं. त्यांनी हलगर्जी केली असं कुणी म्हणू शकणार नाही, परतताना बसमध्ये मला खिडकी सुद्धा दिली. मी विचारलं, हाक ऐकू आली नाही का. त्यावर हे म्हणाले की कुणीतरी ओरडत होतं खरं, पण तुम्हा बायकांचं 'अहो' सगळ्यांचं सारखंच, त्यात कुणाची कोण कसं ओळखायचं. हे मला पटलं. पटलं म्हणजे, पटवून घेतलं. मंडळात बायका अर्ध्याहून अधिक, सगळ्यांचे नवरे अहो, धुकं दाट. प्लॅस्टर निघेपर्यंत मी एका हाताने भाजी चिरायला शिकले. तेव्हा हे बाहेरच्या खोलीत कानांना हेडफोन लावून, डोळे मिटून बसलेले असत, रोज संध्याकाळी, चेहऱ्यावर असं समाधान की मला बरं वाटायचं. चहाचा कप मी शेजारी ठेवायचे आणि आवाज न करता परत यायचे. शनिवारी सभागृहात मला कळलं की त्या सगळ्या संध्याकाळी मी तिथे, त्यांच्या कानात, चरातून हाका मारत होते.

दिवे लागले. वड्यांवर गर्दी झाली. बायकांनी मला घेरून तुमचे सर म्हणजे अगदी असं काहीबाही सुरू केलं आणि मी चटणी वाढत राहिले. एकीने विचारलं, तो बंगला झाला का पक्का. बंगल्याबद्दल सांगायचं राहिलं. महाबळेश्वरच्या रस्त्याला, एका टेकाडाच्या उतारावर ह्यांनी छोटा बंगला पाहून ठेवला आहे, म्हणजे पक्काच केला आहे. गच्चीच्या एका कोपऱ्यात टाचा उंचावून उभं राहिलं तर झाडांमधून तलावाची चकती दिसते, म्हणून त्याला लेक व्ह्यू म्हणायचं. भिंतींना ओल आहे. सहकारनगरचा आमचा फ्लॅट विकून आम्ही कायमचे तिथे राहायला जायचं, हे प्लॅस्टरच्या दिवसांतच ठरलं. माझ्यासमोर ठरलं आणि मी तिथे होते, एवढाच त्यात माझा भाग. बंगला दाखवताना ह्यांनी गच्चीवर उभं राहून हात पसरले होते आणि म्हणाले होते, बघ, हाकेच्या अंतरावर कुणी नाही. त्यांना ते सुख म्हणून सांगायचं होतं. मी तेव्हा त्या रिकाम्या उताराकडे पाहत, इथे दूध कुठून आणायचं असा विचार करत होते. आता चटणीचा डाव हातात धरून मी वेगळा विचार करत होते. तिथे न्हाणीघरात पाय घसरला तर. छातीत कळ आली तर. हाकेच्या अंतरावर एकच माणूस असेल, आणि तो मला ओळखेल, अगदी लगेच ओळखेल, आणि थांबेन म्हणून वाट बघेल. रविवारी सकाळी फ्लॅट बघायला वाघोलीहून एक जोडपं यायचं होतं. फ्लॅट आमच्या दोघांच्या नावावर आहे, माझ्या संमतीशिवाय तो विकला जात नाही. ती संमती कुणी मागितली नव्हती. धरून चालले होते.

रिक्षात हे खुशीत होते. लोकांनी फार चांगला प्रतिसाद दिला, बुधवार पेठेतून आणलेला नवा स्पीकर फळाला आला, श्रीधरचं मात्र चुकलं. मी म्हटलं, काय चुकलं. हे म्हणाले, "तो मधला भाग काढून टाक म्हणून मी त्याला केव्हाच सांगितलं होतं." म्हणजे भाग होता हे माहीत होतं. काढायचा असतो हेही माहीत होतं. रिक्षा सारसबागेच्या वळणावर अडकली होती आणि बाहेर भेळवाले, फुगे, पोरं, सगळा कलकलाट होता, आणि मला एकदम त्या कलकलाटात उतरून जावंसं वाटलं. मी विचारलं, "तुम्ही मला ओळखलं होतंत." हे रिक्षाबाहेर बघू लागले. ह्यांना खोटं बोलता येत नाही, हा ह्यांचा गुण मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. मग म्हणाले, आणि त्यात राग नव्हता, समजावणी होती, "अगं, तो पक्षी इतक्या वर्षांनी मिळत होता. तू काय, सापडणारच होतीस."

सापडणारच होतीस. मला ते वाक्य उलटसुलट करून बघायचं होतं, पण त्याला उलटी बाजूच नव्हती. चोख वाक्य. रसायनशास्त्रात असतं तसं, इकडे एवढं घातलं की तिकडे एवढं निघणार. मी सापडणारच होते, आणि सापडलेच की. मोडलेल्या हाताने भाजी चिरली, वडे सांगितले, चटणी वाढली. ज्याची हमी असते त्याच्याकडे बघायचं कारण नसतं. घरात नळ आहे म्हणून कुणी नळाकडे टक लावून बसतं का. मी भांडले नाही. भांडण म्हणजे समोरच्याला ऐकू जाईल असं मानणं, आणि ऐकू जातं की नाही हा प्रश्न सप्टेंबरातच निकालात निघाला होता. घरी आल्यावर ह्यांनी दूध गरम करून मागितलं, मी दिलं. फक्त मनात त्यांना पहिल्यांदा नावाने म्हटलं. यज्ञेश्वर, हे घ्या दूध. मान अवघडली नाही. म्हणून यापुढे नावानेच लिहिते. आदरार्थी बहुवचन मात्र राहू दे, ते मोडायला आणखी एक जन्म लागेल.

रविवारी यज्ञेश्वर तळजाईला पक्षी बघायला गेले आणि उन्हं वर आल्यावर, बूट दारातच काढून, थेट न्हाणीघरात शिरले. पाहुणे अजून यायचे होते, त्यांना घर आपण स्वतः दाखवणार होते. माझ्या दाखवण्यावर त्यांचा विश्वास नाही, मी दोष सांगत बसते. पण रस्त्याला गर्दी नव्हती म्हणून पाहुणे लवकर आले. मुलीचं नाव उल्का, खराडीला नोकरी, नवराही तिथेच. वाघोलीत टँकरच्या पाण्याला कंटाळले होते, आणि तिची आई सहकारनगरातच राहते. आईला रात्री-अपरात्री काही झालं तर पटकन येता येईल म्हणाली. घर तिला आवडलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारी टेकडी आवडली, कट्टा आवडला. नवरा भिंतींवर टिचकी मारून बघत होता. ती म्हणाली, "काकू, तुम्ही लोक किती लकी. कायमचं महाबळेश्वर म्हणजे ड्रीमच आहे ना, रोज सकाळी ते फॉग, लेक, बर्ड्स." तिचा चेहरा भोळा होता. मला तिला दुखवायचं नव्हतं, पण काल मनाशी ठरलेलं आज कुणाला तरी ऐकवल्याशिवाय ते ठरलं असं मला वाटत नव्हतं. मी त्यांना बसायला सांगितलं आणि म्हटलं, "मी तिकडे जाणार नाही. फ्लॅट माझ्याही नावावर आहे, तेव्हा तो विकला जाणार नाही. तुम्हाला वाघोलीहून उगीच खेप पडली, त्याची माफी मागते." आवाज माझा बोर्डावरचा निघाला, स्वच्छ, प्रत्येक अक्षर वेगळं.

दोघं एकमेकांकडे बघू लागले. नवरा म्हणाला की काकांशी तर परवाच फोनवर बोलणं झालं होतं. मी म्हटलं, झालं असेल. आणि त्याच वेळी आतून न्हाणीघराचा नळ बंद झाल्याचा आवाज आला. पुढचं काय येणार ते मला माहीत होतं. टॉवेल न घेता अंघोळीला जायचं, हे यज्ञेश्वरांचं लग्नापासूनचं व्रत आहे. माझं व्रत म्हणजे तो टॉवेल दोरीवरून काढून दाराच्या फटीतून आत देणं. मी माहेरी असले तर त्या दिवशी यज्ञेश्वर कसे बाहेर येत असतील कोण जाणे, मी कधी विचारलं नाही.

"अगं."

मी उठले. खरं सांगायचं तर मी उठायच्या आधीच उठले होते, गॅलरीत गेले, दोरीवरचा टॉवेल काढला, उन्हाने कडक झालेला. हातात टॉवेल घेऊन परत येताना दिवाणखान्यातच थांबले. डिसेंबरची थंडी, ओलं अंग, दार आतून लावलेलं. भयंकर काही नव्हतं. माणसं बोलण्याच्या अंतरावर होती. मला आनंद झाला असं म्हणणार नाही, जीभ 'ओ' द्यायला इतकी वळवळत होती की मी दात मिटून धरले. खुर्चीवर बसले. टॉवेल मांडीवर घेतला आणि त्याची घडी घातली, आधी उभी, मग आडवी.

"अगं," यज्ञेश्वर म्हणाले, या वेळी जरा लांबवून. "ऐकलंस का."

ऐकलं होतं. एवढं नीट मी त्यांना फार वर्षांत ऐकलं नव्हतं. आवाजात पाण्याचा घुमारा होता, थोडा वैताग, आणि वैतागाखाली पक्की खात्री की आता दार वाजेल. मी शाळेतल्या मुलीसारखी ताठ बसून राहिले, मंडळातल्या कुणी एवढं मौन कधी पाळलं नसेल. उल्काच्या नवऱ्याने घड्याळ पाहिलं. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. आणि तिसरी हाक आली, "अगं?" एवढीच, बारीक, आणि तिच्यात ती खात्री नव्हती. तिसऱ्या हाकेत काय असतं ते मला ठाऊक आहे. माझा हात आपोआप टॉवेलवर आवळला. मनगट दुखलं, त्याने मी भानावर आले.

उल्का अवघडून म्हणाली, "काकू, कुणीतरी हाक मारतंय बहुतेक."

"आमचेच आहेत," मी म्हटलं. "थांबतील."